दोन खांब, एक साखळी, एक कुलूप: एल्क माउंटनच्या कुंपणाचं प्रकरण

अमेरिकेत वायोमिंग राज्याच्या कार्बन काउंटीत एल्क माउंटन नावाचा डोंगर आहे, उंची 11,156 फूट. त्याच्या आसपासच्या मोकळ्या माळावर जमिनीत एक सर्व्हेची खूण पुरलेली आहे, धातूची छोटी टोपी, आपल्याकडं मोजणीवाले हद्दीचा दगड रोवतात तसलाच प्रकार. 2020 मध्ये त्या खुणेच्या दोन बाजूंना दोन लोखंडी खांब उभे होते, खांबांवर आत येऊ नका अशा पाट्या, खांबांच्या मध्ये साखळी आणि साखळीला कुलूप. बास. खांबाला लागून पुढे तार नाही, भिंत नाही, गेट नाही, आजूबाजूला पाव मैलात दुसरं कुठलं कुंपण नाही की इमारत नाही. उघड्या माळावर नुसते दोन खांब आणि कुलूप लावलेली साखळी.

या साखळीवरून चार वर्षं खटले चालले. आधी फौजदारी ज्यूरी झाली म्हणजे सामान्य नागरिकांनी निकाल द्यायचा खटला, मग फेडरल म्हणजे केंद्राचं कोर्ट, मग अपील कोर्ट आणि शेवटी सुप्रीम कोर्टाचा दरवाजा. शिकारीच्या खासगी जमिनीवर लोक घुसू नयेत म्हणून कुंपण घालणं हा साधा विषय वाटतो, तार किती फुटाची, खांब किती अंतरावर, पाटी कुठं लावायची एवढंच. पण हे प्रकरण नीट वाचलं की कळतं की कुंपण कशापासून काय वाचवतंय हा प्रश्न आधी येतो आणि तारेची उंची फार नंतर. मी निकाल सगळे वाचलेत, दोन-दोनदा वाचलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी जमिनीचा नकाशा समजून घ्या, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

1862 साली अमेरिकन सरकारनं रेल्वे बांधायला कंपन्यांना पैशाऐवजी जमीन द्यायचं ठरवलं. रुळाच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यात एक मैल बाय एक मैल असे चौकोन पाडले, एका चौकोनाला सेक्शन म्हणतात, 640 एकर. विषम नंबरचे चौकोन रेल्वे कंपनीला आणि सम नंबरचे सरकारकडं. सुरुवातीला पट्टा रुळाच्या प्रत्येक बाजूला 10 मैलांचा होता, 1864 मध्ये तो 20 मैलांचा केला. वायोमिंगमधून युनियन पॅसिफिक रेल्वे गेली त्यामुळं राज्याच्या दक्षिण भागात आडवा एवढा मोठा बुद्धिबळाचा पट तयार झाला. काळे चौकोन खासगी, पांढरे सरकारी. सरकारला वाटलं होतं रेल्वे आली की लोक येतील, उरलेले चौकोन पण विकले जातील. पण तो मुलुख कोरडा, उंचावरचा, थंडीत मरणाचा, पांढरे चौकोन बरेचसे विकलेच गेले नाहीत आणि आजही ते जनतेच्या मालकीचे आहेत, म्हणजे कुणीही तिथं जाऊन फिरू शकतं, तंबू ठोकू शकतं, परमिट असेल तर शिकार करू शकतं.

फक्त जायचं कसं? पटावर पांढऱ्या चौकोनाच्या चारही बाजूंना काळे चौकोन असतात. सरळ गेलात तर खासगी जमिनीत पाय पडणारच. एकच वाट उरते, बुद्धिबळातला उंट जातो तशी तिरकी, पांढऱ्याच्या कोपऱ्यातून समोरच्या पांढऱ्याच्या कोपऱ्यात. चारही चौकोन जिथं भेटतात तो एक बिंदू आहे, त्याला रुंदीच नाही. माणसाला मात्र खांदे असतात, कोपरं असतात. त्या बिंदूवरून पाय टाकताना जमिनीला स्पर्श नाही झाला तरी खांदा दोन सेकंद खासगी जमिनीवरच्या हवेतून जातो. भांडण त्या हवेचं होतं.

एल्क माउंटनवरची रँच, म्हणजे गुरं पाळायची मोठी जमीन, एका कंपनीच्या नावावर आहे, आयर्न बार होल्डिंग्ज, रँच 22,045 एकरांची. मालक दुसऱ्या राज्यातला श्रीमंत उद्योजक. रँचच्या चौकोनांमध्ये सरकारी चौकोन अडकलेले, हजारो एकर, आणि त्या डोंगरावर एल्कचे मोठे कळप. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या जवळचं, पण आणखी मोठं हरीण, मोठ्या नराची शिंगं बघायची असतील तर मान वर करावी लागते. आता विचार करा, तुमच्या मालकीचे काळे चौकोन आणि मधले पांढरे चौकोन जिथं दुसरं कुणी पोचूच शकत नाही. कागदावर ती जमीन सगळ्यांची आणि वापरायला एकट्याची.

2020 च्या शिकारीच्या मोसमात मिसुरी राज्यातून तीन शिकारी आले. परमिट होतं, फोनमध्ये जमिनीच्या हद्दी दाखवणारं जीपीएस ॲप होतं. गाडी काउंटीच्या सार्वजनिक रस्त्यावर लावली, सरकारी चौकोनात तंबू ठोकला, आणि तिथून चालत त्या कोपऱ्यावर गेले जिथं हे दोन खांब आणि साखळी होती. त्यांनी काय केलं तर खांब धरले आणि अंग वळवून पलीकडच्या सरकारी चौकोनात पाय टेकवले. जमिनीवर पाऊल नाही, पण हात मालकाच्या खांबांना लागले. रँचच्या मॅनेजरनं बोलावलं, पोलीस आले, वन्यजीव खात्याचा माणूस आला, दोघांनीही त्या वर्षी त्यांच्यावर केस केली नाही.

पुढच्या वर्षी म्हणजे 2021 मध्ये ते परत आले, यावेळी चौघं, आणि येताना लोखंडी शिडी घेऊन आले. दोन्ही बाजूंनी पाय असलेली, मुद्दाम त्या कोपऱ्याच्या मापानं केलेली. शिडीचे पाय एका बाजूनं एका सरकारी चौकोनात आणि दुसऱ्या बाजूनं दुसऱ्या सरकारी चौकोनात. वर चढायचं, साखळीच्या वरून पलीकडं उतरायचं. गेल्या वेळी खांबाला हात लागला होता, या वेळी तेही नको. मला त्या शिडीचं फार कौतुक वाटतं, कारण त्यात हक्काची जाणीव पण आहे आणि दुसऱ्याच्या वस्तूला धक्का लागू नये याची काळजी पण आहे. चोरून घुसायचं असतं तर रात्री सरळ काळ्या चौकोनातून गेले असते, कोण बघणार होतं त्या माळावर.

यावेळी मॅनेजरनं परत तक्रार केली, काउंटीच्या सरकारी वकिलानं होकार दिला आणि चौघांवर ट्रेसपासची, म्हणजे परवानगीशिवाय दुसऱ्याच्या हद्दीत शिरल्याची, फौजदारी केस लागली. रॉलिन्स गावात खटला चालला. एप्रिल 2022 च्या शेवटी सहा जणांच्या ज्यूरीनं दोन तासांच्या आत निर्दोष म्हणून सोडलं. ज्या काउंटीत रँचवाले आणि शिकारी दोन्ही एकाच गावात राहतात तिथल्या ज्यूरीनं हे केलं, हे लक्षात ठेवा.

पण त्याआधीच, फेब्रुवारी 2022 मध्ये, कंपनीनं दिवाणी दावा टाकला होता. आणि दाव्यातला नुकसानीचा आकडा बघा, 70 लाख डॉलरच्या वर. चार माणसं एका बिंदूवरून पलीकडं गेली, गवताचं पातं मोडलं नाही, मग 70 लाख कसले? हिशोब असा मांडला होता की कोपऱ्यावरून जाणं कायदेशीर ठरलं तर रँचची बाजारातली किंमत साधारण चौथ्या हिश्श्यानं पडेल. या प्रकरणातला सगळ्यात खरा कागद माझ्या मते हाच. कारण तो उघड सांगतो की रँचच्या किमतीतला एवढा मोठा हिस्सा रँचच्या स्वतःच्या मातीचा, गवताचा, पाण्याचा नव्हताच. तो हिस्सा शेजारच्या सरकारी जमिनीवर दुसरं कुणी येऊ शकत नाही या गोष्टीचा होता. म्हणजे साखळी जे राखत होती ते मालकाचं नव्हतं.

शिकारी काही पैसेवाले नव्हते. सार्वजनिक जमिनीवर शिकार आणि मासेमारी करणाऱ्यांची बॅककंट्री हंटर्स अँड अँगलर्स नावाची संघटना आहे, तिच्या वायोमिंग शाखेनं लोकांकडून वर्गणी गोळा करून वकिलांचा खर्च उचलला. दुसऱ्या बाजूनं वायोमिंगच्या पशुपालकांची संघटना जमीनमालकाच्या बाजूनं कोर्टात आपलं म्हणणं घेऊन उभी राहिली. म्हणजे हे एका श्रीमंत माणसाचं आणि चार शिकाऱ्यांचं भांडण राहिलं नाही, अख्ख्या पश्चिमेचं झालं. त्याचं कारण पण आहे. 2022 मध्ये त्याच जीपीएस ॲपवाल्या कंपनीनं मोजदाद केली होती, पश्चिमेकडच्या राज्यांत मिळून सुमारे 83 लाख एकर सरकारी जमीन अशी आहे जिथं फक्त कोपऱ्यावरूनच जाता येतं, आणि असे कोपरे 27,000 च्या वर.

आता कुंपणाचा जुना इतिहास, कारण निकाल त्यावरच उभा आहे.

1874 मध्ये काटेरी तारेचं पेटंट निघालं आणि दहा वर्षांत पश्चिमेकडची मोकळी कुरणं तारेनं बांधली गेली. मोठे गुरंवाले सरकारी जमिनीला बिनधास्त कुंपण घालायचे, छोट्या माणसाची गुरं बाहेर. त्यावर 1885 मध्ये काँग्रेसनं म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं कायदा केला, बेकायदा कुंपणांचा कायदा म्हणू या. त्याचं म्हणणं सरळ आहे: सरकारी जमीन वेढून टाकणारं कुंपण बेकायदा, आणि जबरदस्तीनं, धमकीनं, कुंपण घालून किंवा दुसऱ्या कुठल्या बेकायदा मार्गानं कुणालाही सरकारी जमिनीवर शांतपणे जायला-यायला अडवता येणार नाही.

मग हुशार लोकांनी पळवाट काढली. कोलोरॅडोत एका माणसानं कुंपण सरकारी जमिनीवर घातलंच नाही, सगळी तार स्वतःच्या विषम नंबरच्या चौकोनांत, हद्दीच्या काही इंच आत, पण अशा रीतीनं फिरवली की मधली सुमारे 20,000 एकर सरकारी जमीन आत बंद. म्हणाला माझ्या जमिनीत माझी तार, तुम्हाला काय त्रास? 1897 मध्ये सुप्रीम कोर्टानं, या खटल्याचं नाव कॅमफील्ड, सांगितलं की तार तुझ्या जमिनीत असली तरी परिणाम काय होतोय ते बघणार, काढ. पुढं 1914 मध्ये वायोमिंगमधल्याच एका मेंढपाळाच्या केसमध्ये अपील कोर्टानं सांगितलं की पटावरच्या एका सरकारी चौकोनातून दुसऱ्यात मेंढ्या न्यायला वाजवी वाट मिळालीच पाहिजे.

आणि एक केस जी वाचून मला खरंच वाईट वाटलं, रेड रिमची. हीच कार्बन काउंटी, हाच पट. एका रँचमालकानं 28 मैल लांब कुंपण घातलं, आत स्वतःचे चौकोन आणि त्यांच्यात गुंतलेले सरकारी पण. तो भाग प्राँगहॉर्नचा हिवाळी चारा, प्राँगहॉर्न म्हणजे त्या माळावरचं वाऱ्यासारखं पळणारं हरणासारखं जनावर. त्याची एक खोड आहे, ते उडी मारायला तयार नसतं, तारेच्या खालून सरपटत जातं. या कुंपणाला खाली जागाच नव्हती. 1983 च्या हिवाळ्यात बर्फ पडला, कळप नेहमीच्या वाटेनं खाली उतरले, कुंपणाला येऊन अडकले आणि तिथंच तारेच्या कडेनं उपाशी मेले. माणसांना तिथं जायला बंदी नव्हती असं मालक म्हणत होता. 1988 मध्ये अपील कोर्टानं ते मान्य केलं नाही, सरकारी जमीन वेढली आणि जनावरांना सुद्धा अडवलं तरी तो कायदा मोडतोच असं सांगितलं, आणि कुंपण प्राँगहॉर्नला जाता येईल असं करायला लावलं.

म्हणून मला सारखं वाटतं की वायोमिंगमध्ये कुंपण घालताना माणूस आणि जनावर दोन्ही एकदम डोळ्यापुढं ठेवले पाहिजेत. तिथल्या वन्यजीव खात्याचा सल्ला पण साधारण असाच आहे, वरची तार 42 इंचांपेक्षा उंच नको, वरच्या दोन तारांत 12 इंच अंतर ठेवा म्हणजे उडी मारताना हरणाचा मागचा पाय दोन तारांत पिळून अडकत नाही, आणि सगळ्यात खालची तार काट्याची नको, गुळगुळीत, जमिनीपासून निदान 16 इंच वर. असलं कुंपण माणसाला थांबवत नाही हे उघड आहे. 42 इंच म्हणजे कमरेच्या जरा वर. ते गुरं आत ठेवतं आणि माणसाला सांगतं की इथून पुढं दुसऱ्याची हद्द.

परत खटल्याकडं. कंपनीच्या वकिलांचे मुद्दे अगदीच पोकळ होते असं नाही. 1979 मध्ये सुप्रीम कोर्टानं लिओ शीप नावाच्या केसमध्ये, ती पण कार्बन काउंटीचीच, सेमिनो धरणाकडं जायला सरकारनं खासगी चौकोनातून परवानगीशिवाय मातीचा रस्ता काढला होता, त्यात सरकारविरुद्ध निकाल दिला होता की पट पाडताना सरकारनं स्वतःसाठी रस्त्याचा हक्क राखून ठेवलेला नाही. कंपनी म्हणाली सरकारलाच हक्क नाही तर या चौघांना कुठून आला? दुसरा मुद्दा हवेचा. जमीन ज्याची त्याच्या वरचं आकाश पण त्याचं ही फार जुनी समजूत आहे. ती विमानं आल्यावर पार बदलली, 1946 मध्ये सुप्रीम कोर्टानं कोंबड्या पाळणाऱ्या एका शेतकऱ्याच्या केसमध्ये सांगितलं की आकाशापर्यंतची मालकी आता चालणार नाही, मालकाला जेवढी हवा प्रत्यक्ष वापरता येते तेवढी त्याची. पण जमिनीपासून चार-पाच फुटांची हवा मालक नक्कीच वापरतो, असं वायोमिंगचा कायदा धरतो.

26 मे 2023 ला फेडरल न्यायाधीश स्कॉट स्काव्हडाल यांनी निकाल दिला की या पटावर एका सरकारी चौकोनातून दुसऱ्यात पायी, खासगी जमिनीला पाय न लावता आणि खासगी वस्तूचं नुकसान न करता कोपऱ्यावरून जाणं हा ट्रेसपास होत नाही. एक छोटा मुद्दा त्यांनी तेव्हा बाजूला ठेवला, तो मला महत्त्वाचा वाटतो. एका शिकाऱ्याच्या फोनमधल्या ॲपवर एक खूण उमटली होती जी खासगी जमिनीत दिसत होती. प्रत्यक्ष तो तिथं उभा होता की फोनवर नुसती नकाशात खूण टाकली होती, हा तथ्याचा प्रश्न म्हणून राहिला. म्हणजे कोपऱ्यावरून जाण्याचा हक्क मिळाला म्हणून काळ्या चौकोनात बारा फूट आत भटकण्याचा मिळाला नाही. फोनचं जीपीएस काही मीटरनं चुकतं, जमिनीतली ती धातूची टोपी चुकत नाही, म्हणून त्या टोपीपर्यंत जाऊन ती डोळ्यांनी बघूनच पाय टाकायचा.

कंपनी अपिलात गेली. 18 मार्च 2025 ला दहाव्या सर्किटच्या, म्हणजे काही राज्यांच्या एका गटाच्या, फेडरल अपील कोर्टानं, निकाल न्यायाधीश टिमकोविच यांनी लिहिलाय, खालचा निकाल कायम केला. पण रस्ता वेगळा घेतला आणि तो मला जास्त पटला. ते म्हणाले वायोमिंगच्या कायद्यानं बघितलं तर हवेतून जाणं हा दिवाणी ट्रेसपास होऊ शकतो, मालकाची हवा मालकाचीच. पण 1885 चा फेडरल कायदा त्याच्या वर बसतो. लिओ शीप रस्त्याच्या हक्काबद्दल होती, कुंपणाच्या कायद्याबद्दल नाही. आणि सरकारी जमीन वेढून टाकण्याचा परिणाम करणारा कुठलाही अडथळा, मग ती तार असो की ट्रेसपासचा दावा असो, काढून टाकण्याजोगा उपद्रव ठरतो.

हे वाक्य परत वाचा. दावा पण कुंपण असू शकतो. म्हणजे साखळी काढली, पाट्या काढल्या आणि त्या जागी वकिलाची नोटीस ठेवली तरी कोर्ट तिच्याकडं तारेसारखंच बघणार. कंपनी सुप्रीम कोर्टात गेली, 20 ऑक्टोबर 2025 ला सुप्रीम कोर्टानं ऐकायला नकार दिला आणि दहाव्या सर्किटचा निकाल कायम राहिला. तो लागू होतो वायोमिंग, कोलोरॅडो, युटा, न्यू मेक्सिको, कॅन्सस आणि ओक्लाहोमा या राज्यांत.

आता मालकाच्या बाजूनं बोलतो, आणि हे मनापासून बोलतोय कारण रँचवाल्यांचा त्रास खोटा नाही. शिकारीच्या मोसमात अनोळखी माणसं बंदुका घेऊन फिरतात, गेट उघडं टाकून जातात, गुरं हायवेवर येतात, जखमी जनावर दुसऱ्याच्या हद्दीत जाऊन पडतं आणि त्याच्यामागं माणसं पण जातात. वायोमिंगमध्ये खासगी जमिनीवर शिकारीला मालकाची परवानगी लागतेच, कुंपण असो नसो, पाटी असो नसो. म्हणजे कायदा आधीच मालकाच्या बाजूनं आहे. कुंपणाचं काम फक्त एवढंच की चुकून येणाऱ्याला कळावं आणि मुद्दाम येणाऱ्याला कळलं नव्हतं म्हणायला जागा राहू नये.

आणि या कामाला महागडं कुंपण लागत नाही. हे शिकारी ज्या मिसुरीतून आले होते तिथंच 1993 पासून एक सोपी सोय आहे, जांभळा रंग. झाडावर किंवा खांबावर निदान 8 इंच लांबीची उभी जांभळी रेघ, तिचं खालचं टोक जमिनीपासून 3 ते 5 फुटांवर, आणि दोन खुणांमध्ये 100 फुटांपेक्षा जास्त अंतर नको. रेघ दिसली म्हणजे पाटी लावल्यासारखंच, आत यायचं नाही. पाटी कुणी उखडून नेतं, वारा नेतो, गोळी मारून भोकं पाडतात, झाडाच्या सालीवरचा रंग कोण नेणार? मला ही गोष्ट फार आवडते कारण ती फक्त हद्द सांगते, वाट बंद करत नाही.

एल्क माउंटनवर मालकानं हेच केलं असतं, म्हणजे स्वतःच्या चौकोनाच्या कडेनं, जिथं खरोखर लोक चुकून आत येतात तिथं, रस्त्याच्या गेटवर, ओढ्याच्या काठानं पाट्या आणि खुणा, आणि कोपरा मोकळा सोडला असता किंवा कोपऱ्यावर उलट पाटी लावली असती की खूण इथं आहे, इथूनच जा, डावीकडं-उजवीकडं खासगी, तर त्याच्या हद्दीचं रक्षण जास्त चांगलं झालं असतं. लोकांना बरोबर बिंदू दाखवला की ते इकडंतिकडं पाय टाकत नाहीत. त्याऐवजी साखळी लावली नेमक्या त्या एका जागी जिथं त्याचं स्वतःचं राखण्यासारखं काही नव्हतं. ज्यूरीला, न्यायाधीशाला, निकाल वाचणाऱ्या माझ्यासारख्याला ते दोन खांब बघून एकच कळतं, हे कुणाला तरी पलीकडं जाऊ द्यायचं नाही म्हणून उभे आहेत. पाव मैलात दुसरं कुंपण नाही हे वाक्य निकालात आलं तिथंच माझ्या मते निम्मी केस संपली होती.

सरकारी चौकोन अडकलेल्या मालकांना आणखी एक रस्ता आहे, तो वायोमिंगमध्ये बरेच जण वापरतात. वन्यजीव खातं मालकांशी करार करतं, अमुक दिवस, अमुक वाटेनं, पायी, एवढ्याच शिकाऱ्यांनी आत यायचं, बदल्यात मालकाला पैसे मिळतात. कोण येणार, कधी येणार, गाडी कुठं लावणार सगळं माहीत. साखळीनं हे कधीच कळत नाही.

आपल्याकडं शिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद झाली, त्यामुळं शिकारीसाठी खासगी जमीन राखणं हा प्रकारच नाही. पण गावात बांधावरून भांडणं बघितलेल्या माणसाला हे सगळं ओळखीचं वाटणार. वरच्या शेतकऱ्यानं बांध नांगरून टाकला किंवा वाटेत काटेरी फांद्या टाकल्या, खालच्याची बैलगाडी अडली, आता ट्रॅक्टर अडतो. आपल्याकडं त्यासाठी तहसीलदारकडं दाद मागता येते, पूर्वापार वहिवाटीची वाट अडवली तर 1906 च्या मामलेदार कोर्ट कायद्याच्या कलम 5 खाली, आणि बांधावरून नवी वाट हवी असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली. तिथंही तहसीलदार पंचनाम्याला येतो तेव्हा पहिलं हेच बघतो की वाट कुठून कुठं जाते आणि अडवल्यावर माणसाला जायला दुसरी जागा उरते का.

आज त्या सहा राज्यांत कुणी पट ओलांडायला निघणार असेल तर त्याला मी एवढंच सांगेन की निकाल पायी जाणाऱ्यासाठी आहे, गाडी, घोडा, ट्रेलर यांचा त्यात विषयच नाही. खूण सापडली नाही तर परत फिरा, अंदाजानं पाय टाकू नका. खांबाला, तारेला हात लावू नका. आणि शेजारच्या मोंटाना राज्यात जाणार असाल तर हा निकाल तिथं लागू नाही, ते नवव्या सर्किटमध्ये येतं आणि तिथल्या वन्यजीव खात्यानं 2025 च्या निकालानंतर सुद्धा सांगितलंय की कोपऱ्यावरून जाणं आमच्याकडं बेकायदाच. त्यामुळं वायोमिंगच्या उत्तर हद्दीवरून मोंटानात शिरलात की चौकोनांचा पट तसाच दिसतो, कोपरे तसेच, जमिनीतली टोपी तशीच, पण तिथं आधी मालकाचं दार वाजवून परवानगी घ्यायला लागते.